तळ्याचं पाणी हिरवं झालं की खेकड्याचं काय होतं?

चीनमध्ये दर वर्षी आठ लाख टनांच्या आसपास गोड्या पाण्यातले खेकडे पाळून बाजारात आणले जातात. जवळपास सगळे एकाच जातीचे, नांग्यांवर दाट तपकिरी लव असलेले चिनी मिटन खेकडे. यांग्त्से नदीच्या मधल्या आणि खालच्या खोऱ्यात, म्हणजे जिआंग्सू, आन्हुई, हुबेई या प्रांतांत, त्यांची शेती सगळ्यात जास्त. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात हे खेकडे आतून गराने भरतात आणि विकले जातात. त्याआधीचा उन्हाळा मात्र जीव टांगणीला लावणारा असतो. पाणी तापतं, वारा पडतो आणि एखाद्या सकाळी तळ्याच्या कोपऱ्यात हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग जमलेला दिसतो.

पुढे काय होतं याचा अंदाज बहुतेकांना असतो. शेवाळ विषारी, विष पाण्यात उतरतं, खेकडे मरतात. हे चूक नाही, पण फार अपुरं आहे. बऱ्याचदा खेकडा मरतच नाही. तो जगतो, खातो, फिरतो आणि आतून पोखरला जातो. मेलेले खेकडे मोजता येतात, म्हणून चर्चा त्यांचीच होते. जगलेल्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. खरं नुकसान तिथे दडलेलं असतं आणि तेच खेकडे पुढे कुणाच्या तरी ताटात जाणार असतात.

आधी या तवंगाची ओळख करून घेऊ. निळं-हिरवं शेवाळ म्हणून ओळखले जाणारे हे जीव प्रत्यक्षात जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. वनस्पतींसारखं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, ऑक्सिजन सोडतात, पण पेशीची रचना जीवाणूची. खेकड्यांच्या तळ्यांत आणि सरोवरांत सगळ्यात जास्त त्रास देणारा त्यांच्यातला सदस्य मायक्रोसिस्टिस. त्याच्या सूक्ष्म पेशी चिकट आवरणात एकत्र राहतात आणि डोळ्यांना दिसतील एवढ्या वसाहती करतात. प्रत्येक पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर ती वर तरंगते. दिवसभर अन्न साठलं की जड होऊन खाली जाते आणि साठा वापरून झाला की पुन्हा वर येते. इतर बहुतेक शेवाळाला ही सोय नाही. वारा पडलेल्या, तापलेल्या, खतावलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिस सगळा उजेड बळकावतो, तो याच युक्तीने. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याची वाढ जोरात होते. थंडीत तो संपत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसतो आणि वसंतात पुन्हा वर येतो. खेकडा तळाशीच वावरणारा प्राणी असल्याने त्याची या जीवाशी गाठ वर्षभर पडू शकते.

मायक्रोसिस्टिसचे सगळेच प्रकार विष बनवत नाहीत. एकाच तवंगात विष बनवणारे आणि न बनवणारे शेजारी शेजारी नांदतात. दोघं दिसायला सारखे असतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीही फरक कळत नाही. विष बनवण्याची जनुकं आहेत की नाहीत हे तपासावं लागतं किंवा थेट विषच मोजावं लागतं. पाण्याचा रंग किती गडद आहे यावरून विषाचा अंदाज बांधणं म्हणून फसवं ठरतं.

असल्या पाण्याची धास्ती आजची नाही. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं पाणी पिऊन गुरं-मेंढरं मरत असल्याचं ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. खेकड्यांच्या मुलखात सगळ्यांच्या लक्षात राहिलेली घटना मात्र २००७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाची. सुमारे २,३०० चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि सरासरी जेमतेम दोन मीटर खोल असलेल्या ताइहू सरोवरात मायक्रोसिस्टिसचा प्रचंड उद्रेक झाला. तो सडू लागला आणि काठावरच्या वूशी शहराच्या नळांना दुर्गंधीचं पाणी आलं. सुमारे वीस लाख लोकांना काही दिवस पिण्याचं पाणी मिळेना. या सरोवरात आणि त्याच्या आसपास मोठ्या प्रमाणावर खेकडे पाळले जात होते.

विष आत जाऊन काय करतं

मायक्रोसिस्टिसच्या विषाचं नाव मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांची कडी जोडून तयार झालेला हा रेणू. त्याचे अडीचशेहून जास्त उपप्रकार आजवर सापडले आहेत, त्यांतला मायक्रोसिस्टिन-एलआर सगळ्यात जास्त अभ्यासलेला. कडीसारख्या रचनेमुळे तो फार टिकाऊ आहे. उकळून किंवा वाफवून तो मोडत नाही. पाण्यातले काही जीवाणू त्याला हळूहळू तोडतात, पण त्याला दिवस, कधी आठवडे लागतात.

हा रेणू आकाराने मोठा आणि पाण्यात विरघळणारा. पेशीच्या स्निग्ध पडद्यातून तो आपसूक आत शिरू शकत नाही. आत जायला त्याला पेशीच्या पडद्यावरची विशिष्ट वाहक प्रथिनं लागतात. माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत अशी प्रथिनं यकृतात भरपूर असतात, म्हणून हे विष यकृताचं विष म्हणून ओळखलं जातं. खेकड्यात यकृताचं काम करणाऱ्या अवयवाला यकृत-स्वादुपिंड म्हणतात. पाठीचं कवच उघडल्यावर दिसणारा पिवळा-केशरी गर बराचसा हाच. अन्न पचवणारा रस तो बनवतो, पचलेलं शोषून घेतो, चरबी साठवतो आणि शरीरात शिरलेलं विष निष्प्रभ करण्याची जबाबदारीही त्याच्याचकडे. इतकी कामं एकाच अवयवावर टाकलेली असल्यामुळे तो बिघडला की खेकड्याचं सगळंच बिघडतं.

विषाची वाट मुख्यतः तोंडातून जाते. खेकडा सर्वभक्षी आहे. तळाशी बसलेलं शेवाळ, कुजकं, गाळातले किडे, गोगलगायी असं सगळं तो खातो. गोगलगायी आणि शिंपले शेवाळ खाऊन आपल्या अंगात विष साठवतात, आणि खेकडा त्यांना खातो तेव्हा ते त्याच्याकडे येतं. विशेष म्हणजे खेकड्याच्या तळ्यांत वसंतात गोगलगायी मुद्दाम सोडतात. त्या शेवाळ-कुजकं खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात आणि खेकड्याला ताजं खाद्य मिळतं. व्यवस्था चांगलीच आहे, पण तळं मायक्रोसिस्टिसने भरलं तर तीच साखळी विषाची वाहतूक करू लागते.

पेशीत शिरल्यावर मायक्रोसिस्टिन दोन एन्झाइमांना जाऊन चिकटतं. प्रथिनांवर लागलेले फॉस्फेटचे गट काढून टाकणं हे त्या एन्झाइमांचं काम. पेशीतली असंख्य प्रथिनं फॉस्फेट लागलं की एका अवस्थेत जातात, निघालं की दुसऱ्या. काढणारं एन्झाइम बंद पडलं की फॉस्फेट साचत जातं, पेशीचा आतला सांगाडा ढासळतो, एकमेकींना धरून राहिलेल्या पेशी सुटतात. सोबत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात आणि ते चरबी, प्रथिनं, डीएनए सगळ्याला इजा करतात. मिटन खेकड्यांवरच्या प्रयोगांत यकृत-स्वादुपिंडातल्या ऑक्सिजनविरोधी एन्झाइमांची पातळी आधी वर जाते आणि विष वाढलं किंवा जास्त दिवस राहिलं की खाली कोसळते, असा क्रम बऱ्याचदा दिसतो. शरीर लढतं आणि मग थकतं, असा त्याचा अर्थ. त्यानंतर पेशी स्वतःहून मरू लागतात.

या प्रयोगांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांत शुद्ध विष टोचलं जातं किंवा स्वच्छ पाण्यात ठरावीक मात्रेने मिसळलं जातं. तळ्यात विष एकटं कधीच येत नाही, आणि तळ्यातला खेकडा प्रयोगशाळेतल्यासारखा पोटभर खाल्लेला, निवांत नसतो. विष काम कसं करतं हे प्रयोगातून चांगलं कळतं. किती विषाने तळ्यातलं पीक बुडेल, हे त्यावरून थेट काढता येत नाही.

२०१५ च्या सुमारास जिआंग्सूमध्ये खेकड्यांच्या यकृत-स्वादुपिंडाच्या एका आजाराने मोठं नुकसान केलं. सोनेरी-पिवळा गर पांढुरका पडायचा, पायांतलं मांस आटून त्या जागी पाणी भरायचं. शोध अनेक दिशांनी झाला: मायक्रोस्पोरिडिया नावाचे पेशीत राहणारे परजीवी, तळ्यांत वापरली जाणारी कीटकनाशकं, बिघडलेलं पाणी आणि शेवाळाची विषं. एकाच कारणावर सगळ्यांचं एकमत झालं नाही. सगळं खापर शेवाळावर फोडणं म्हणून घाईचं होईल. पण जखमी झालेल्या यकृत-स्वादुपिंडाला दुसरा कोणताही घाव सोसणं जड जातं, एवढं नक्की म्हणता येतं.

खेकड्याची प्रतिकारशक्तीही समजून घेण्यासारखी आहे. आपल्या शरीरात एकदा भेटलेल्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. खेकड्याकडे ती यंत्रणा नाही. त्याच्या निळसर रक्तातल्या पेशी जंतूला गिळतात, घेरतात आणि एका एन्झाइमच्या साखळीने काळपट थर चढवून कोंडतात. त्याचं संरक्षण एवढ्यावरच आहे. मायक्रोसिस्टिनने या रक्तपेशी आणि ही साखळी दोन्ही कमकुवत होतात. मग तळ्यात आधीपासूनच असलेले जंतू, ज्यांना निरोगी खेकडा सहज तोंड देतो, जीवघेणे ठरतात. मेलेल्या खेकड्याच्या तपासणीत जीवाणू सापडतो आणि दोष त्याच्यावर जातो.

कात टाकण्याचे दिवस

आतापर्यंत सांगितलेलं कोळंबीला किंवा माशालाही थोड्याफार फरकाने लागू पडतं. शेतीतल्या खेकड्याचं वेगळेपण त्याच्या वाढीच्या पद्धतीत आहे. खेकडा रोज थोडा थोडा वाढत नाही. कवच टणक असतं, ते ताणलं जात नाही. जुनं कवच उकलून बाहेर यायचं, भरभर पाणी शोषून अंग फुगवायचं आणि नवं कवच कडक होईपर्यंत मऊ, असहाय अवस्थेत दडून राहायचं, अशी त्याची वाढ. तळ्यात सोडलेलं पाच-दहा ग्रॅमचं पिल्लू त्याच वर्षी साधारण पाच वेळा कात टाकतं आणि शरदात दीडशे-दोनशे ग्रॅमचा खेकडा होतो. म्हणजे वर्षभराची सगळी वाढ या पाच प्रसंगांवर अवलंबून. शेवटच्या दोन काती ऐन उन्हाळ्यात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस येतात, मायक्रोसिस्टिसच्या भराच्या काळात.

कात टाकताना खेकड्याला ऑक्सिजन जास्त लागतो, साठवलेली चरबी लागते आणि नव्या कवचासाठी कॅल्शियम लागतं. चरबी यकृत-स्वादुपिंडात असते. तो अवयव बिघडलेला असेल तर साठाच कमी पडतो. कात टाकताना अर्ध्यातच अडकून मेलेले खेकडे सापडतात त्यामागे हे एक कारण असू शकतं.

याहून खोल एक दुवा आहे आणि तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कात टाकायला लावणारं संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून बनतं. आपलं शरीर कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतं. खेकड्याला, कोळंबीला, सगळ्याच कवचधारी प्राण्यांना ते जमत नाही, त्यांना ते किंवा त्याच्यासारखे स्टेरॉल अन्नातून मिळवावे लागतात. हिरव्या शेवाळात आणि डायटम या एकपेशीय शेवाळात असे स्टेरॉल असतात. सायनोबॅक्टेरियात ते जवळजवळ नसतात. वाढीला आणि प्रजननाला लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्लंही त्यांच्यात नसतात. ज्या तळ्यात मायक्रोसिस्टिसने बाकी शेवाळाला हुसकावून लावलंय तिथे पाणपिसवांपासून किड्यांपर्यंत सगळी नैसर्गिक अन्नसाखळीच निकस होते. विषाचा एक कणही नसला तरी. चांगलं तयार खाद्य दिलं तर ही उणीव बरीच भरून निघते, पण खेकडा तळ्यातून जे स्वतः वेचून खातो त्याची जागा खाद्य पूर्णपणे घेत नाही.

मऊ खेकड्याला लपायला जागा लागते, नाहीतर बाकीचे खेकडे त्याला खातात. म्हणून तळ्याच्या निम्म्याहून अधिक तळावर पाणवनस्पती लावतात: एलोडिया, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया. तवंग पसरला की उजेड खाली पोचत नाही आणि या वनस्पती मरतात. लपण्याच्या जागा गेल्या, ऑक्सिजन देणारी झाडं गेली, पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषणारी मुळं-पानं गेली, शिवाय कुजून ती स्वतःच खत झाली. त्या खतावर पुढचा तवंग पोसला जातो. एकदा हे चक्र फिरू लागलं की उलट फिरवणं कठीण.

रात्रीचा श्वास आणि दुपारचा सामू

दिवसा तवंग ऑक्सिजन सोडतो, इतका की दुपारी पाणी ऑक्सिजनने तुडुंब असतं. रात्री तोच तवंग ऑक्सिजन ओढून घेतो. पहाटेच्या आधी पातळी सगळ्यात खाली जाते. तेव्हा खेकडे काठावर चढतात, वनस्पतींच्या शेंड्यांना धरून राहतात. पहाटे काठावर रांगेने बसलेले खेकडे हे धोक्याचं सगळ्यात जुनं आणि भरवशाचं लक्षण. दुपारी उपकरण घेऊन जाणाऱ्याला मात्र ऑक्सिजन उत्तमच दिसणार.

सामूचं, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या पीएच आकड्याचं, गणित उलट वेळचं. दिवसा तवंग पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवतो आणि सामू चढतो, ९ च्या पुढेही जातो. तळ्यातल्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून आलेलं अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतं. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं कल्ल्यांतून थेट आत जाणारं आणि जहाल. पाणी २५ अंशांवर असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही जहाल रूपात नसतं. सामू ८ ला सुमारे ५ टक्के, ९ ला सुमारे ३६ टक्के. म्हणजे तळ्यात अमोनिया तेवढंच राहूनसुद्धा दुपारपर्यंत त्याचा जहालपणा कितीतरी पटींनी वाढतो. रात्री श्वास कोंडलेल्या खेकड्याला दिवसा हे सोसावं लागतं आणि त्यावर विष आहेच. या तीनपैकी कोणत्या एका कारणाने खेकडा मेला हे सांगायचा आग्रह धरला की निदान चुकतं.

तवंग मारण्याची घाई

तवंग दिसला की पहिला विचार येतो औषध टाकून मारण्याचा. मोरचूद, म्हणजे तांब्याचं क्षार कॉपर सल्फेट, स्वस्त आहे आणि शेवाळ त्याने झटपट मरतं. पण मायक्रोसिस्टिस जिवंत असताना त्याचं बहुतेक विष पेशीच्या आतच असतं. मोरचुदाने पेशी फुटतात आणि ते सगळं एकदम पाण्यात येतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या पाम बेटावर असंच घडलं. तिथल्या पाण्याच्या धरणात शेवाळाचा उद्रेक झाला, तो मारायला मोरचूद टाकलं आणि काही दिवसांत १४८ लोक, बहुतेक लहान मुलं, यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या त्रासाने आजारी पडली. तिथलं विष वेगळं होतं, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन, पण घडलं ते याच कारणाने.

खेकड्याच्या तळ्यात यात आणखी भर पडते. तांबं स्वतःच कवचधारी प्राण्यांच्या कल्ल्यांना घातक आहे आणि गाळात साठून राहतं. मेलेला तवंग सडताना ऑक्सिजन संपवतो, अमोनिया आणि तळाशी हायड्रोजन सल्फाइड सोडतो. औषध न टाकताही असं होऊ शकतं. कडक उन्हानंतर सलग ढगाळ दिवस आले किंवा मोठा पाऊस झाला की तवंग एकदम कोसळतो. पाणी हिरव्यावरून तपकिरी किंवा नितळ झालेलं दिसतं. या नितळ पाण्याने दिलासा वाटतो, पण खेकड्यांसाठी सगळ्यात वाईट दोन-तीन दिवस बऱ्याचदा हेच असतात. त्या दिवसांत खाद्य कमी करणं, रात्रंदिवस हवा खेळवणं आणि स्वच्छ पाणी हाताशी असेल तर थोडं थोडं बदलणं, एवढंच खरं हातात असतं. वाऱ्याने एका कोपऱ्यात लोटलेला तवंग जाळीने किंवा पंपाने उचलून तळ्याबाहेर नेणं कष्टाचं आहे, पण त्याने विषही बाहेर जातं आणि खतही.

खाणाऱ्याचं काय

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन-एलआर ही मर्यादा सुचवली आहे आणि चीनच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही तोच आकडा आहे. आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल अशी मात्रा शरीराच्या दर किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅम धरली जाते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या खेकड्यात यकृत-स्वादुपिंड साधारण दहा ग्रॅमचं असतं. त्याच्या दर ग्रॅममध्ये पाव मायक्रोग्रॅम विष असेल तरी एकाच खेकड्यात दिवसाचा वाटा संपला. हे उदाहरण आहे, बाजारातल्या खेकड्यांची मोजणी नव्हे. स्वच्छ पाण्याच्या, वनस्पतींनी भरलेल्या तळ्यातल्या खेकड्याबद्दल धास्ती बाळगायचं कारण नाही. कधीतरी एकदा जास्त खाल्लं म्हणून लगेच काही होतं असंही नाही, कारण हा आकडा रोजच्या, वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आहे. पण विष साठतं कुठे याकडे बघा. पायांच्या, नांग्यांच्या मांसात ते कमी असतं. गरात आणि प्रजननाच्या अवयवांत जास्त. चीनमधल्याच चाओहू सरोवरातल्या कोळंबीच्या तपासणीत ते प्रजननाच्या अवयवांतही मिळालं होतं. आणि मिटन खेकड्याची सगळी किंमत या गरासाठी आणि मादीच्या अंडाशयासाठी मोजली जाते. शरदात यकृत-स्वादुपिंडातली चरबीच अंडाशयाकडे जाते आणि मादी भरते. उन्हाळ्यात या अवयवाला झालेली इजा म्हणून शरदात पोकळ, न भरलेल्या खेकड्याच्या रूपात दिसते.

खेकडे अख्खे वाफवून खातात. वाफेने जंतू मरतात, मायक्रोसिस्टिन तसंच राहतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मायक्रोसिस्टिन-एलआरला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत ठेवलं आहे. ज्या पाण्यात नुकताच तवंग होऊन गेला तिथला खेकडा असेल तर आतला गर न खाणं हा साधा आणि योग्य सल्ला. विकण्याआधी खेकडे काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवले तर आतडं रिकामं होतं आणि विष काही प्रमाणात उतरतं, पूर्ण जाईलच असं नाही.

मोजणीतही एक अडचण आहे आणि ती सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचत नाही. पेशीत गेलेलं मायक्रोसिस्टिन त्या एन्झाइमांना आधी सैल चिकटतं आणि नंतर पक्क्या रासायनिक बंधाने जोडलं जातं. नेहमीच्या तपासणीत ऊतक द्रावकात कुटून सुटं विष मोजतात. पक्कं जोडलेलं विष त्यात उतरतच नाही. विषाच्या रेणूचा ठरावीक तुकडा रासायनिक पद्धतीने तोडून एकूण विष मोजायची पद्धत आहे, पण ती किचकट आणि खर्चीक. त्यामुळे अहवालात ‘आढळलं नाही’ असं लिहिलेलं असलं तर कोणती पद्धत वापरली, हे विचारणं रास्त आहे. शिवाय विषाबरोबर मायक्रोसिस्टिसचे सोबती जीव जिओस्मिनसारखी मातकट वासाची रसायनंही सोडतात. ती विषारी नाहीत, पण खेकड्याच्या मांसात उतरतात. मातकट वास आला म्हणजे विष आहे असं नाही आणि वास नाही म्हणजे विष नाही असंही नाही.

काम वसंतात करायचं असतं

तवंगाचं मूळ पाण्यातल्या नत्र-स्फुरदात आहे आणि खेकड्याच्या तळ्यात ते बरंचसं खाद्यातून येतं. स्वस्त बारकी मासळी कापून टाकली तर खेकडे खातात, पण बराच भाग तळाशी सडतो. मोजून दिलेलं तयार खाद्य, उरलेलं पाहून दुसऱ्या दिवशीचं कमी-जास्त करणं, हिवाळ्यात तळं कोरडं करून गाळ उपसणं आणि उन्हात तापवणं, यांनी मोठा फरक पडतो. पाणवनस्पती पाणी थंड असतानाच लावून जोमात आणाव्या लागतात, म्हणजे नत्र-स्फुरद त्या आधी घेतात. एलोडियाला कडक उन्हाळा सोसत नाही. ती उन्हाळ्याआधी छाटली नाही तर शेंडे वर येऊन कुजतात आणि तळ्याला खत मिळतं. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया उष्णता सोसतात, म्हणून तिन्हींची मिसळ शहाणपणाची.

माशांची मदतही होते. सिल्व्हर कार्प आणि बिगहेड हे मासे पाणी गाळून खातात आणि मायक्रोसिस्टिसच्या वसाहतीही गिळतात. वूहानच्या दोंगहू सरोवरात वर्षानुवर्षं येणारा तवंग १९८५ मध्ये नाहीसा झाला, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याचं श्रेय दाट सोडलेल्या या दोन माशांना दिलं. खेकड्यांच्या तळ्यातही ते थोड्या संख्येने सोडतात. मात्र ते पाण्यातलं खत काढत नाहीत, फक्त त्याचं रूप बदलतात. मासे पकडून बाहेर नेले तरच त्यांच्या अंगातलं स्फुरद तळ्याबाहेर जातं.

आणि हे पाणी शेवटी कुठे जातं? २००७ नंतरच्या वर्षांत ताइहूमधलं जाळ्यांच्या कुंपणातलं खेकडापालन टप्प्याटप्प्याने काढून टाकलं गेलं आणि यांगचेंग सरोवरातलंही क्षेत्र अनेकदा घटवलं गेलं. शेती काठावरच्या तळ्यांत सरकली. पण हंगामाच्या शेवटी तळी रिकामी करतात तेव्हा त्यांचं पाणी कालव्यांतून पुन्हा त्याच सरोवरांकडे वाहतं. २०२१ मध्ये जिआंग्सू प्रांताने तळ्यांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्यातल्या नत्र-स्फुरदावर सक्तीच्या मर्यादा घातल्या. आता अनेक ठिकाणी तळ्यांच्या समूहामागे गाळ बसवण्याचं एक तळं आणि पाणवनस्पतींचं एक तळं ठेवतात, आणि पाणी त्या दोन्हींतून फिरून मगच बाहेर सोडतात. खेकडे काढून झाल्यावर या दोन तळ्यांतला गाळ उपसून शेतात टाकला, तर त्यातलं स्फुरद पुढच्या उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिसच्या वाट्याला येत नाही.